चोच बांध, असं मीच सांगितलं होतं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो फोन आला तेव्हा माझा उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता. रेडकू आडवं अडकलेलं, गोठ्याच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतो तेही कळत नव्हतं, आणि घरधनीण माझ्या कानाला मोबाईल धरून उभी. पलीकडे हर्णैजवळचा एक मुलगा. कोळ्याच्या घरातला, बावीस-तेवीस वर्षांचा, हिवाळ्यात कासवांची अंडी राखायला रात्र रात्र किनाऱ्यावर फिरतो. "मॅडम, वाळूवर मोठा पांढरा पक्षी बसलाय, उडत नाहीये, लांब टोकदार चोच आहे, जवळ गेलं की मारतोय." मला वाटलं मोठा बगळा असणार. बगळा नेमका डोळ्यावर चोच मारतो, आमच्या ओळखीतल्या एकाचा डोळा थोडक्यात वाचलाय. मी ओरडून सांगितलं, डोळे सांभाळ, चोच टेपने बांध, नाकपुड्या मोकळ्या ठेव, डोक्यावर फडकं टाक आणि खोक्यात घालून घेऊन ये. एवढंच. अर्धं मिनिटसुद्धा नसेल. मग परत म्हशीकडे.

रेडकू जिवंत निघालं हे आधी सांगते, कारण त्या दिवशी तेवढंच चांगलं झालं.

दापोलीत दवाखान्यावर पोचले तर तो मुलगा पायरीवर बसलेला, चिंब भिजलेला, स्वतःचा रेनकोट त्याने खोक्यावर घातला होता. खोकं उघडलं आणि बघताक्षणी कळलं की हा बगळा नाही. पिवळसर चोच, तिच्या मुळाशी काळा मुखवटा घातल्यासारखी कातडी, पांढरं अंग, पंखांच्या कडा काळ्या. मास्क्ड बुबी, समुद्रात सूर मारून मासे पकडणारा पक्षी. आणि चोचीला टोकापासून मुळापर्यंत खाकी टेपचे पाच-सहा वेढे, अगदी नीट, घट्ट, एखादं पार्सल बांधावं तसे. मी कात्रीने टेप कापली. पक्ष्याने चोच उघडली, मान लांब केली, तीन-चार वेळा हवा ओढली. दहा मिनिटांत माझ्या हातात मान टाकली.

मुलगा म्हणाला, "उशीर झाला ना मॅडम?" मी म्हटलं, "फार अशक्त होता रे."

वन्यजीव म्हटलं की वनखात्याला कळवा, पंचनामा, गार्ड यायची वाट बघा, मग पोस्टमार्टेम. गार्ड बिचारा एका पडलेल्या झाडावरून दुसऱ्या पडलेल्या झाडाकडे धावत होता, तो संध्याकाळी आला. या खात्यातल्या खालच्या माणसांना मी कधी नावं ठेवणार नाही, दोन माणसांत दहा जणांचं काम करतात. पण पावसाळ्यात समुद्री पक्षी किनाऱ्याला लागतात हे वर्षानुवर्षं माहीत असून जिल्ह्यात त्यांच्यासाठी एक नीट खोली असू नये, एक साधा पिंजरा असू नये, याची मला अजूनही चीड येते.

वजन 1020 ग्रॅम. धडधाकट बुबी दीड ते दोन किलोच्या आसपास असतो. छातीचं मधलं हाड सुरीसारखं वर आलेलं, दोन्ही बाजूंचं मांस जवळजवळ संपलेलं, पोटात काही नाही. आणि छातीची कातडी सोडवताना हाताखाली बुडबुडे चरचरले. आधी वाटलं आपटून आतली हवेची पिशवी फुटलीय आणि हवा कातडीखाली पसरलीय, कोंबडीत असं दिसलं तर तोच अर्थ निघतो. कॉलेजात आम्हाला पक्षी म्हणून शिकवली ती कोंबडीच. तिचं खाद्य, लसी, राणीखेत-गंबोरोसारखे रोग. पाच वर्षांच्या अभ्यासात समुद्रावर जगणाऱ्या पक्ष्याबद्दल एक अख्खं लेक्चर झाल्याचं मला तरी आठवत नाही, आणि डिग्री घेऊन आम्ही पोस्टिंग घेतो कुठे तर थेट किनाऱ्याला लागून.

त्या रात्री वरच्या गॅलरीत, जिथे नेटवर्क मिळतं तिथे बसून, दोन वाजेपर्यंत वाचत होते.

बुबीला बाहेरून नाकपुड्याच नसतात.

हा पक्षी वीस-तीस मीटर उंचीवरून पंख मागे ओढून भाल्यासारखा पाण्यात घुसतो. त्या वेगाने घुसताना नाक उघडं असेल तर पाणी सरळ आत जाईल, म्हणून ती भोकं बंदच झालेली आहेत आणि श्वास चालतो तो चोचीच्या कोपऱ्यांतून. चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या गाद्या असतात, पाण्याचा फटका त्या झेलतात. म्हणजे मला जखम वाटली ती चरचर त्याची रोजची गरज होती. डोळे पुढच्या बाजूला, दोन्ही डोळ्यांनी एकच मासा बघून अंतर जोखता यावं म्हणून. खाणं मुख्यतः उडणारे मासे आणि थोडे माखूल (स्क्विड). चारही बोटं एकाच पडद्यात, बदकाची तीनच असतात, आणि अंडी उबवायला बाकीच्या बहुतेक पक्ष्यांसारखी पोटावर उघडी ऊबदार जागा नसते म्हणून ही जात त्या पायांनीच अंडी उबवते. सहा आठवड्यांहून जास्त दिवस, उघड्या जमिनीवर, घरट्याच्या नावाने काडीसुद्धा नाही म्हटलं तरी चालेल.

अंडी बहुतेक वेळा दोन. त्यांतलं आधी फुटलेलं पिल्लू दुसऱ्याला ढकलून ढकलून बाहेर काढतं, आईबाप बघत बसतात, सोडवत नाहीत. दुसरं अंडं असतं ते पहिलं फुटलंच नाही किंवा पिल्लू लगेच मेलं तर म्हणून. उरलेल्या एकाला उडायला लागेपर्यंत चार महिने भरवायचं, त्यानंतरही काही काळ भरवायचं, कारण उडता येणं वेगळं आणि सूर मारून मासा पकडता येणं वेगळं. अरबी समुद्रात यांची वीण होते अशा जागांपैकी एक म्हणजे ओमानची कुरिया मुरिया बेटं. नकाशा काढून बघितला तर ती बेटं आणि आपलं हर्णै जवळजवळ एकाच अक्षांशावर, मध्ये साधारण 1800 किलोमीटर नुसतं पाणी. जून-जुलैत नैऋत्येचा वारा त्या बाजूने इकडे रेटत असतो. माझ्या टेबलावर आलेला नेमका तिथलाच होता का हे सांगता येत नाही, पायात संशोधक घालतात तसली ओळखीची रिंग नव्हती. पण कुठलाही असला तरी भावंडाला मागे टाकून, सूर मारायला शिकून, वादळं झेलून तो आपल्या वाळूपर्यंत जिवंत आला होता.

पोस्टमार्टेमच्या फॉर्मवर मृत्यूच्या कारणाला एकच ओळ असते. मी लिहिलं, 'उपासमार व अशक्तपणा'. ते खोटं नाही. पण फॉर्म दिल्यावर घरी जाऊन जेवले नाही.

अकरा दिवसांनी परत त्याच मुलाचा फोन. या वेळी मी दवाखान्यातच होते. "मॅडम, तसलाच आहे, पण तपकिरी डोक्याचा, मानेला पांढरा पट्टा." म्हणजे पहिल्या वर्षातलं पोर. मी म्हटलं चोच बांधू नकोस, अजिबात नको, जाड टॉवेल टाक, डोक्यामागून पकड, तोंड स्वतःपासून लांब ठेव, खोक्याला भोकं पाड आणि वाटेत कोणी पाणी पाजायला आलं तर पाजू देऊ नकोस. त्याने का ते विचारलं नाही. "हो मॅडम" म्हणाला आणि तासाभरात आला, मनगटावर दोन खोल ओरखडे घेऊन. किनाऱ्यावरच्या माणसांनी त्याआधी पक्ष्याला दोनदा लाटेत ढकलून दिलं होतं, समुद्राचा आहे तर समुद्रात सोडू म्हणून. आपल्या लोकांची ही सगळ्यात मोठी चूक. तो दमून, भिजून, गारठून बाहेर आलेला असतो, पाण्यावर बसायची ताकद असती तर वाळूवर आलाच नसता. एकाने बिस्किट भरवलं होतं आणि बऱ्याच जणांनी फोटो काढले होते.

या पक्ष्याचं वजन 1080. पहिल्यापेक्षा फक्त 60 ग्रॅम जास्त.

अंगाचं तापमान 38 च्याही खाली, पक्ष्याचं 40 च्या आसपास असायला हवं. इथे जो तो पहिली घाई करतो ती खाऊ घालायची. गार पडलेल्या पक्ष्याच्या पोटात मासा गेला तर तो पचत नाही, तसाच कुजतो आणि पक्षी मरतो. आधी ऊब, मग पाणी, मग पातळ खाणं, मासा शेवटी. लाइट गेलेली म्हणून दिवा लावता येईना, तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावल्या, खोलीत अंधार, आवाज बंद, कंपाउंडरलासुद्धा आत येऊ दिलं नाही. दोन तासांनी कोमट इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षारांचं पाणी, नळीने पोटात, किलोला 50 मिलीच्या हिशोबाने. जीभ अगदी नावापुरती असते, तिच्या मागे श्वासनलिकेचं तोंड स्पष्ट दिसतं, ते चुकवून नळी बाजूने सरकवायची. हे काम मला नीट जमलं आणि त्याचा मला अभिमान आहे. दुसऱ्या दिवशी माशाचं वाटण पाण्यात पातळ करून. चौथ्या दिवशी अख्खी तारली, डोक्याकडून, म्हणजे पर आणि खवले घशात उलटे अडकत नाहीत. ती त्याने माझ्या हातातून ओढून घेतली.

तारली मिळवणं हे वेगळंच काम. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, हर्णैचा लिलाव बंद, सगळ्या होड्या वर ओढून शाकारलेल्या. बर्फातला जुना मासा वापरायचा तर त्यातलं बी-1 जीवनसत्त्व गेलेलं असतं, ते गोळी माशाच्या कल्ल्यात खुपसून द्यायचं. खाली लादी चालत नाही, फोम घाण होतो, आणि छातीच्या त्या हाडाखाली दोन दिवसांत जखम होते, तळव्यांना फोड येतात. मुलाने घरच्या जुन्या बाजेच्या चौकटीवर गाठी नसलेलं मऊ जाळं ताणून बसवलं, शी खाली पडते, पंख स्वच्छ राहतात, छातीवर भार येत नाही. मी परदेशातल्या पक्षी-रुग्णालयांचे फोटो बघितले होते त्यात नेमकं असंच जाळं होतं, आणि याने ते न बघता अर्ध्या तासात केलं.

सहाव्या दिवशी चोचीच्या टोकाशी थेंब दिसायला लागले. कंपाउंडर म्हणाला सर्दी झाली. ते मीठ. डोळ्यांच्या वर ग्रंथी असतात, समुद्राच्या पाण्यातलं आणि माशातलं जास्तीचं मीठ त्या गाळून टाकतात, ते चोचीवरून टपकतं आणि पक्षी मान झटकतो. पण आठवडाभर गोड्या पाण्यावर ठेवला तर ग्रंथी सुस्तावतात, म्हणून सोडायच्या आधी काही दिवस माशातून थोडं थोडं मीठ देऊन त्या परत कामाला लावाव्या लागतात. पाण्याची जुनी टाकी आडवी कापून त्यात त्याला तरंगवायचो. पहिल्यांदा पाच मिनिटांत छाती भिजली. पिसं विंचरून, शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचं तेल चोचीने फासत फासत तो ती स्वतःच नीट करत गेला, शेवटी तासभर तरंगला आणि उचलून बघितलं तर पोटाकडची लव कोरडी. वजन 1540.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बंदी उठल्यावर, मुलाच्या काकांच्या होडीतून नेला. किनाऱ्यावरून सोडायचं मला नको होतं, वारा तोंडावर होता, परत वाळूवर आपटला असता. किनारा पुसट दिसायला लागल्यावर काकांनी इंजिन हळू केलं, मुलाने वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने त्याला पाण्यावर ठेवला. तो उडाला नाही. आधी डोकं बुडवून बुडवून आंघोळ केली, पंख झाडले, निवांत दहा मिनिटं आम्ही तिघं नुसते बघत. मग वाऱ्याकडे तोंड करून पायांनी पाणी मारत धावला आणि उठला. लाटांच्या घळीतून एकदा दिसला, परत दिसला, मग नाही.

परतताना मी त्या मुलाला सांगितलं. पहिला कशाने गेला असणार ते. नाकपुड्यांचं, टेपचं, आणि तो पक्षी अशक्त होता हे खरं असलं तरी हा दुसराही तेवढाच अशक्त होता हे. चूक तुझी नाही, मी न बघता सांगितलं, हेही.

तो बराच वेळ दोरीचं टोक उलगडत बसला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणालात ना नाकपुड्या मोकळ्या ठेव. मी शोधल्या. वाळूवर बसून दोन्ही बाजूंनी चोच बघितली, बोट फिरवून बघितलं. नाहीच सापडल्या. वाटलं मलाच कळत नाहीये, फोन करून विचारावं. पण तुम्ही त्या दिवशी ओरडून बोललात, कामात होतात, म्हणून नाही केला."