आमची वाटचाल: आधी बोर्ड बघतो, मग प्रोसेसर

कराडमध्ये २०१२ साली आम्ही दोघा भावांनी दुकान टाकलं ते दुरुस्तीचं. कार्ट्रिज भरून देणं, विंडोज टाकणं, पतसंस्था आणि शाळांचे कॉम्प्युटर वर्षाच्या करारावर सांभाळणं. गेमिंगचं काम हळूहळू आलं. इथं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, होस्टेलची मुलं आहेत, आणि आजूबाजूच्या गावांतून उसाचं बिल जमा झालं की मुलाला घेऊन येणारे पालक आहेत. आज आमच्या कामाचा निम्म्याहून मोठा भाग गेमिंग मशीनचा आहे, आणि त्यातही जुन्या मशीनचं अपग्रेड जास्त.

या वर्षांत आम्ही जे शिकलो ते एवढंच, की चाळीस-पन्नास हजारांच्या बजेटमध्ये प्रोसेसर एकटा निवडायचा नसतो. प्रोसेसर, बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर बाकीचे भाग बसतात) आणि रॅम ही तिन्ही मिळून एक निवड असते. तिला आम्ही प्लॅटफॉर्म म्हणतो. गेममध्ये चित्र रंगवायचं मुख्य काम ग्राफिक्स कार्डाचं, त्यामुळे पैसा जास्तीत जास्त तिकडे जायला हवा. आणि तिकडे पैसा उरतो तो गिऱ्हाइकाच्या कॅबिनेटमधलं आधीचं किती वाचवता येतं यावर.

हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं ते २०१७ मध्ये. त्या वर्षाच्या सुरुवातीला इंटेलचा पेंटियम जी४५६० आला. दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), पण चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आणि किमतीला हलका. त्याच्यासोबत जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड बसवलं की काम व्हायचं. त्या कार्डाला वेगळी पॉवरची वायर लागत नसे, साध्या एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) चालायचं. अशी बरीच मशीन आमच्याकडून गेली. वर्ष संपायच्या आत इंटेलनं आठव्या पिढीचा आय३-८१०० आणला, खरे चार कोअर असलेला. सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) तेच, एलजीए ११५१. प्रोसेसर जुन्या बोर्डात बसायचाही, पण चालायचा नाही, कारण त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड लागे. जुन्या बोर्डवाल्यांना पुढची पायरी एकच उरली, सेकंडहँड आय५ किंवा आय७ शोधणं. मुलं यायची, विचारायची, “दादा, सॉकेट तर तेच आहे ना?” त्यांना बोर्डही बदलावा लागेल असं सांगताना फार वाईट वाटायचं, कारण बोर्डाचा पैसा कार्डाच्या पैशातून जायचा.

त्याच वर्षी मार्चमध्ये एएमडीचा रायझन आला होता. एएम४ सॉकेट, डीडीआर४ रॅम, आणि २०२० पर्यंत हेच सॉकेट ठेवू असं कंपनीनं जाहीर केलेलं. तोवर एएमडी म्हटलं की लोक त्यांचे जुने, गरम होणारे एफएक्स प्रोसेसर आठवून तोंड फिरवायचे, त्यामुळे इकडे विश्वास बसायला वेळ लागला. आमच्याकडे गाडी सुरू झाली ती २०१८ च्या रायझन ३ २२००जी पासून. त्यात व्हेगा ८ ग्राफिक्स आतच होतं. कार्ड न घेता मुलगा काउंटर स्ट्राइक किंवा जीटीए ५ सेटिंग कमी ठेवून खेळू शकत होता. एक अट आम्ही तेव्हाही घालायचो आणि आजही घालतो: रॅमची आठ जीबीची एक स्टिक नको, चार-चारच्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यानं रॅमच वापरतं, आणि दोन स्टिक असल्या की रॅमकडे जायचा रस्ता दुप्पट रुंद होतो. फ्रेममधला (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांमधला) फरक डोळ्यांना दिसतो.

२०२० ते २०२२ हा काळ वाईट गेला. कार्डं मिळेनात, मिळाली तर छापील किमतीच्या कितीतरी वर. क्रिप्टोच्या मायनिंगनं बाजार ओढून नेला होता. ज्यांच्याकडे २२००जी किंवा नंतरचा ३२००जी होता ती मुलं कार्डाशिवाय तग धरून राहिली. याच काळात एक मोठी गोष्ट घडली. रायझन ५००० जुन्या बी४५० बोर्डांवर चालणार नाही असं एएमडीनं २०२० मध्ये आधी सांगितलं, जगभरातल्या ग्राहकांनी आवाज उठवला, आणि निर्णय फिरला. पुढे २०२२ मध्ये एएमडीच्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही मुभा मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रायझन ५ ५६०० आणि ५५०० आले. चार वर्षं जुन्या बोर्डावर सहा कोअरचा नवा प्रोसेसर, रॅम तीच, कॅबिनेट तेच. आमच्या दुकानानं वेग घेतला तो इथून. गिऱ्हाईक फक्त प्रोसेसर आणि कार्ड घेऊन जायचं आणि घरी नवं मशीन आल्याचा आनंद असायचा.

या कामात काळजी मात्र भरपूर लागते. जुना बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) नवा प्रोसेसर ओळखत नाही, म्हणून आधी जुन्या प्रोसेसरवर बायॉस अपडेट करायचा, मग प्रोसेसर बदलायचा. काही बोर्डांच्या बायॉस चिपमध्ये जागा कमी असल्यानं नव्या आवृत्तीत सर्वांत जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकलेला असतो, तेव्हा परतीचा रस्ता बंद होतो. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मेला, म्हणून ते काम आम्ही यूपीएसवरच करतो. गिऱ्हाइकाचा जुना प्रोसेसर मेलेला असेल तर काय, यासाठी पहिल्या पिढीचा एक रायझन दुकानात कायम ठेवलेला आहे. आणि एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नाही. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट वाळलेली असताना कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. त्यामुळे आधी एखादा गेम चालवून पेस्ट ऊबदार करायची, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. घरी अपग्रेड करणाऱ्या मुलांना आम्ही हे फोनवर समजावून सांगतो, माल दुसरीकडून घेतला असला तरी.

५५०० आणि ५६०० यांतला फरक मी प्रत्येकाला बसवून सांगतो, कारण दोन्हींना सहा कोअर, बारा थ्रेड पाहून लोक स्वस्तातला उचलतात. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली मेमरी) आहे, ५५०० मध्ये १६. गेमला कॅश फार लागते. लागणारा डेटा प्रोसेसरजवळच सापडला तर रॅमपर्यंतची फेरी वाचते आणि फ्रेम अडखळत नाही. दुसरा मुद्दा पीसीआयई, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर जोडणारा रस्ता. ५५०० तिसऱ्या पिढीवर थांबतो, ५६०० चौथ्या पिढीचा आहे, अर्थात बोर्डही बी५५० सारखा हवा. आता आरएक्स ६५०० एक्सटी सारखं कार्ड घ्या, त्याला या रस्त्याच्या चारच लेन आहेत. तिसऱ्या पिढीवर त्या चार लेन अपुऱ्या पडतात आणि कार्डाची मेमरी भरली की गेम अडकायला लागतो. ज्याचं कार्ड मोठं आणि पूर्ण लेनचं आहे त्याला हा दुसरा मुद्दा फारसा लागू नाही. म्हणून कार्ड कोणतं हे विचारल्याशिवाय आम्ही ५५०० देत नाही.

आम्ही एएमडीचेच, असा समज मात्र गावात झाला होता, तो बरोबर नाही. जानेवारी २०२२ मध्ये इंटेलचे आय३-१२१००एफ आणि आय५-१२४००एफ आले आणि बजेटमधली लढत पुन्हा खरी झाली. १२१००एफ ला चारच कोअर, पण एकेका कोअरचा वेग असा की साठ-पंचाहत्तर हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याला कमी पडत नाही. या प्रोसेसरांच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ मध्येही मिळतात, त्यामुळे जुनी रॅम वापरता येते. सहाव्या-सातव्या पिढीचं इंटेल मशीन घेऊन आलेल्याच्या दोन्ही स्टिक डीडीआर४ असतील तर १२४००एफ आणि बी६६० बोर्ड हा सौदा आजही चांगला आहे. एच६१० बोर्डावर रॅमचा वेग ३२०० च्या वर नेता येत नाही आणि दोनच स्लॉट असतात, एवढं आधी सांगावं. आणि नावापुढचा ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड दुरुस्तीला गेलं की पडदा काळा. ज्या घरात तेच मशीन अभ्यासाला आणि ऑनलाइन फॉर्म भरायलाही लागतं, तिथं हा विचार करावाच लागतो.

अशा घरातले वडील बहुतेक वेळा मुलाच्या मागे उभे असतात. एकदा एकांनी विचारलं, “ह्याला गेमचं पायजे म्हनतोय, पर ऑटोकॅड चालंल का ह्यावर?” मी म्हटलं, “चालेल काका, पण आधी आहे ते मशीन घेऊन या.” ते मशीन आलं, आम्ही त्याच्यावरच मुलाचा नेहमीचा गेम लावला आणि कार्डाचा वापर पडद्यावर दाखवला. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर राबत असेल तर प्रोसेसर बदलून काही मिळणार नाही. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि एखादा कोअर सतत भरलेला दिसतोय, तर अडचण प्रोसेसरची. त्या मुलाचं कार्डच दमलेलं होतं. बोर्ड आणि प्रोसेसर तसेच ठेवले, कार्ड बदललं, एसएमपीएस बदलला. आमचं बिल लहान झालं. पुढच्याच महिन्यात काकांनी गावातल्या पतसंस्थेच्या कामाची यादी पाठवली.

एएमडीचा एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला, तेव्हापासून विचारणा आहे. नवं सॉकेट, पिना बोर्डात, रॅम फक्त डीडीआर५, आणि निदान २०२७ पर्यंत आधार देण्याचं कंपनीचं आश्वासन. जो शून्यापासून मशीन घेतोय आणि चार-पाच वर्षांनी त्याच बोर्डावर पुढचा प्रोसेसर टाकू इच्छितो, त्याला मी रायझन ५ ७६०० सुचवतो. त्यात थोडं ग्राफिक्स आतही आहे. पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि डीडीआर५ चा आकडा बजेटमध्ये बसेना. डीडीआर४ ही महागली, पण ती ज्याच्या मशीनमध्ये आधीच आहे त्याला ती विकत घ्यावी लागत नाही. त्यामुळे सध्या आमचा सल्ला स्पष्ट आहे: १६ जीबी डीडीआर४ हातात असेल तर ती सोडू नका, एएम४ वर ५६०० किंवा ५७००एक्स घ्या, नाहीतर एलजीए १७०० वर जा.

त्यात विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा दुकानात रांग लागली. सातव्या पिढीपर्यंतची इंटेल मशीन विंडोज ११ च्या यादीत नाहीत हे लोकांना माहीत होतं. २२००जी वाल्यांना धक्का बसला. नाव २००० मालिकेचं असलं तरी आत पहिल्या पिढीचाच झेन (रायझनची आतली रचना) आहे, म्हणून तोही यादीबाहेर. पण त्यांचा बोर्ड एएम४ चा. बायॉस अपडेट, ५६०० किंवा आत ग्राफिक्स असलेला ५६००जी, बायॉसमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू, आणि मशीन विंडोज ११ वर. २०१८ मध्ये आमच्याकडून गेलेले काही बोर्ड असे परत आले आणि पुन्हा घरी गेले.

प्रोसेसर आम्ही सीलबंद खोक्यातलाच देतो. ट्रेमधला (खोक्याशिवाय सुटा) स्वस्त पडतो, पण कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी त्याला मिळत नाही. बिल जीएसटीचं, आणि गेल्या वर्षीपासून बिलावर आणखी एक ओळ असते: बोर्डाचा बायॉस कोणत्या आवृत्तीवर आहे आणि या बोर्डावर जास्तीत जास्त कोणता प्रोसेसर बसेल. बदलून घेतलेले जुने एएम४ बोर्डही आम्ही तपासून, तशीच चिठ्ठी लावून, सहा महिन्यांच्या आमच्या हमीवर विकायला सुरुवात केली आहे. होस्टेलच्या मुलांकडून सध्या त्यांनाच सर्वांत जास्त मागणी आहे.