दुपारी साडेबाराचं ऊन आणि पांढरा लिंब

सोलापुरात फोटो काढायचे तर सकाळी नऊच्या आत कॅमेरा पिशवीत गेला पाहिजे. नंतरच्या उन्हात माणसाचे डोळे म्हणजे दोन काळे खड्डे दिसतात. आमचा पाच-सहा हौशी लोकांचा कट्टा आहे. रविवारी सकाळी भुईकोट किल्ल्याच्या बागेत फोटो, मग टपरीवर चहा आणि एकमेकांच्या फोटोंची चिरफाड. तिथंच इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात फोटो काढायचा विषय निघाला. मला त्यातली एकच गोष्ट भावली. हे फोटो भर दुपारी चांगले येतात, आणि दुपार आपल्याकडे हवी तेवढी आहे!

पहिले दोन दिवस मी समजत होतो की यात उष्णता दिसते. तसं नाही. उष्णता टिपणारे कॅमेरे वेगळे. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, डोळ्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्या थोडं पलीकडचं, साधारण १००० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचं पाहू शकतो. रंग बिघडू नयेत म्हणून कंपनीच त्याच्यापुढे तो प्रकाश अडवणारी काच बसवते. ती थोडीफार गळकी असते, आणि आपलं सगळं काम त्या गळतीवर. माझा जुना डीएसएलआर किती गळका आहे, हे टीव्हीच्या रिमोटनं कळलं. अंधाऱ्या खोलीत रिमोटचं बटण दाबून ठेवलं आणि फोटो काढला. टोकाला पांढरा ठिपका आला. जमणार!

दिसणारा प्रकाश अडवून त्याच्या पलीकडचाच आत सोडणारा, ७२० नॅनोमीटरचा फिल्टर मागवला. हातात घेतला तर काळीकुट्ट काच, आरपार काही दिसेना. म्हणजे आधी ट्रायपॉडवर चौकट ठरवायची, फोकस करायचा, मग फिल्टर चढवायचा, तोही लेन्स न हलवता. लेन्सचं छिद्र एफ ८, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ ४००, शटर पंधरा सेकंद उघडं. एप्रिलची दुपार, डोक्यावर ओला पंचा. घरी येऊन बघतो तर सगळं जांभळट-लाल, पानं वाऱ्यानं फिसकटलेली, मधोमध पांढरा गोल डाग आणि वर रंगीत ठिपक्यांची रांगोळी. ठिपके उन्हात तापलेल्या सेन्सरचे आणि गोल डाग लेन्सचा. काही लेन्स इन्फ्रारेडमध्ये असा डाग देतात, आणि छिद्र लहान केलं की तो आणखी उठून दिसतो. एवढं करून फोकसही गेलेला.

कट्ट्यावरचा एक उत्साही मित्र म्हणाला, “दे बे, उघडून सेन्सरपुढची ती काचच काढून टाकू.” फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये कॅमेरा बंद असतानाही तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असू शकतात. मी कॅमेरा दिला नाही.

फोकसचं कोडं सोडवलं ते आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकांनी. त्यांचा एकेकाळी स्टुडिओ होता. घरून एक जुनी ५० एमएमची लेन्स घेऊन आले आणि अंतराच्या आकड्यांशेजारची बारीक लाल खूण दाखवली. “चाळीस वर्षं ही लेन्स वापरली, ही खूण कधी लागलीच नाही.” इन्फ्रारेडचा फोकस किंचित वेगळ्या जागी पडतो. म्हणून नेहमीसारखा फोकस करायचा, मग तोच अंतराचा आकडा फिरवून लाल खुणेसमोर आणायचा. त्या लेन्सनं गोल डागही गेला. लेन्स अजून माझ्याकडेच आहे, काकांनी मागितलेली नाही.

एप्रिलच्या धुळकट आभाळानं मात्र काही दिलं नाही, नुसतं राखाडी. जूनमध्ये दोन पाऊस झाले, आभाळ धुऊन निघालं, कापसासारखे ढग आले. साडेबाराला सिद्धेश्वर तलावाच्या काठी ट्रायपॉड लावला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं काय धरायचं हे कॅमेऱ्याला सांगणं, उन्हातल्या गवतावर धरून, फिल्टर लावूनच घेतला. वारा पडायची वाट बघत बसलो, आणि पंधरा सेकंद.

पाणी शाईसारखं काळं, आभाळ त्याहून गडद आणि काठावरची लिंबं पांढरीशुभ्र, आमच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी हा पांढरा अंगरखा घालून ओळीनं उभी असल्यासारखी. पानातलं हरितद्रव्य हा प्रकाश शोषत नाही. तो पानाच्या आत जातो, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांवर आपटून बाहेर फेकला जातो. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं असे फोटो १९१० मध्ये प्रसिद्ध केले होते.

कट्ट्यावर आता दोन तट आहेत. एक गट फोटोतल्या लाल आणि निळ्या चॅनेलची, म्हणजे रंगांच्या थरांची, अदलाबदल करून आभाळ निळं करतो. एकानं तर झाडं गुलाबी केली. मला ते लग्नाच्या मांडवासारखं वाटतं. मी कृष्णधवलच ठेवतो.

परवा घरातली नवी चादर गच्चीत वाळत घातली होती, तिच्यावर प्रयोग केला. गर्द मरून रंगावर मोरांची नक्षी, अस्सल सोलापुरी. फोटोत मरून रंग जवळजवळ नाहीसाच झाला, मोर शोधावे लागले. रंग डोळ्याला गडद दिसला तरी या प्रकाशाला तो अडवेलच असं नाही. फोटो आईला दाखवला. तिनं चष्मा वर केला, खाली केला, आणि तडक गच्चीत जाऊन चादर बघून आली.