नथ उजव्या नाकपुडीत दिसली, तर फोटो उलटवलेला असतो

गणपतीच्या दिवसांत साताऱ्यात, सांगलीत, कराडात चित्रांची प्रदर्शनं लागतात. त्यात नऊवारीतल्या आजीचं पोर्ट्रेट असतंच, कोळशात काढलेलं, सुरकुती न् सुरकुती टिपलेलं. जरा जवळ जाऊन बघा. कधीकधी नथ उजव्या नाकपुडीत असते आणि पदरही उजव्या खांद्यावर. आपल्याकडे दोन्ही डावीकडे असतात. आजीला समोर बसवून चित्र काढलं, तर अशी चूक होत नाही. कुणाचा तरी फोटो मोबाइलमध्ये डावा-उजवा फिरवून त्यावरून चित्र काढलं, की ती होते. सेल्फी कॅमेऱ्यानेही कधीकधी असा उलटा फोटो येतो, तेवढी शंका धरावी. पण पुरुषाच्या शर्टची बटणं उलट्या बाजूला, घड्याळ उजव्या मनगटावर आणि भांगही उलटा असं सगळं एकाच चित्रात दिसलं, की शंकेला फारशी जागा उरत नाही.

बुबुळांतूनही बरंच कळतं. खिडकीशेजारी बसलेल्या माणसाच्या बुबुळात खिडकीचा चौकोन चमकतो, उघड्यावर बसलेल्याच्या बुबुळात वरच्या बाजूला आभाळाची फिकट पट्टी येते. चुलीपुढे बसलेल्या आजीच्या दोन्ही डोळ्यांत गोल कडं चमकत असेल, तर तो रिंगलाइट आहे. मूळ फोटो कुणीतरी मुद्दाम प्रकाश लावून काढलेला आहे, चूल मागाहून आली. तसेच पार्श्वभूमीतले मऊ, पिवळसर गोळे. लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं की मागचे दिवे असे गोळे होऊन येतात. समोर बघून रंगवणाऱ्याला ते तसे दिसत नाहीत.

ही सगळी चिन्हं म्हणजे फोटो काढणाऱ्याने घेतलेले निर्णय आहेत. दुसऱ्याच्या फोटोवरून केलेल्या कॉपीचा सगळा प्रश्न इथेच आहे, म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर घेतो.

रंगपंचमीला वाई तालुक्यात बावधनचं बगाड निघतं. बगाड म्हणजे बैलजोड्यांनी ओढायचा लाकडी गाडा; त्याच्या शिडाला, म्हणजे उंच आडव्या लाकडाला, बगाड्याला टांगतात. बगाड सगळ्यांचं आहे, कुणीही रंगवावं. पण एखाद्या फोटोत शिडाला टांगलेला बगाड्या आभाळाच्या नेमक्या मोकळ्या तुकड्यावर येतो, खाली बैलांच्या जोड्या एकीला एक खेटून दिसतात आणि पुढच्या बैलाचा पाय अधांतरी असतो. जोड्या खेटलेल्या दिसतात, कारण फोटो लांबून, २०० मिमीच्या आसपासच्या लेन्सने घेतलेला असतो. पाय अधांतरी असूनही रेखीव येतो, कारण शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवलेला असतो. कुठल्या बांधावर उभं राहायचं, ऊन कुठून येणार, हे त्या माणसाने आधीच बघून ठेवलेलं असतं. चित्रकार घरी बसून तेच खूर, तीच धूळ, गर्दीतले तेच चेहरे कॅनव्हासवर उतरवतो, तेव्हा तो बगाड रंगवत नाही, त्या माणसाचा फोटो रंगवतो. रंग ऑइलचे असोत की ॲक्रिलिकचे, त्याने फरक पडत नाही.

कायदाही हेच धरून चालतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही चित्रा-शिल्पासारखीच कलाकृती आहे. ती कुठल्याही माध्यमात पुन्हा उतरवण्याचा हक्क तिच्या मालकाचा आहे, त्यात सपाट फोटोवरून मूर्ती किंवा शिल्प घडवणंही आलं. कल्पनेवर, विषयावर मालकी नसते, मांडणीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं. तो वाद एक नाटक आणि एका चित्रपटाबद्दलचा होता, पण त्यातली कसोटी चित्राला सरळ लावता येते: दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं निःशंकपणे वाटलं, तर ती नक्कल. ‘तीस टक्के बदललं की चालतं’ हे क्लासमध्ये सर्रास ऐकू येतं. असा कुठलाही टक्का कायद्यात नाही. फोटो उलटवला, रंग बदलला, कानातलं बदललं, एवढ्याने मांडणी आपली होत नाही.

लक्झेंबर्गमध्ये याचा निकाल अलीकडेच लागला. जिंगना झांग या छायाचित्रकर्तीच्या २०१७च्या फोटोवरून, तो उलटवून, एका कलाविद्यार्थ्याने चित्र केलं आणि त्याला १,५०० युरोचं बक्षीस मिळालं. खालच्या न्यायालयाने २०२२मध्ये निकाल तिच्या विरोधात दिला. मे २०२४मध्ये अपिलात तो फिरला आणि चित्र ही तिच्या फोटोची नक्कल ठरली. तो कायदा तिकडचा, पण कॉपीची पद्धत आपल्या स्पर्धांमध्ये दिसते तीच.

शिकण्यासाठी घरी बसून कुणाच्याही फोटोवरून खुशाल काढावं. खाजगी वापर आणि अभ्यास यांना आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये सूट आहे. ते चित्र विकलं, स्पर्धेला दिलं, त्याच्या प्रती छापल्या, की ती सूट संपते. इन्स्टाग्रामवर सगळ्यांसाठी टाकलेलं चित्रही माझ्या मते खाजगी राहत नाही. सरावाचं असेल तर ते वहीतच ठेवावं. आणि खाली ‘फोटो सौजन्य अमुक’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही. श्रेय आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रेय परवानगी घेतल्यावरही द्यायचं असतं. ‘गुगलवरून घेतला’ हे तर श्रेयही नाही. गुगल फोटो काढत नाही.

परवानगी कुणाची घ्यायची, इथे बरेच जण चुकतात. लग्नाचे किंवा पैसे देऊन काढून घेतलेले फोटो असतील, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी पैसे देऊन काम सांगणाऱ्या गिऱ्हाइकाची. त्यामुळे आई-वडिलांच्या लग्नाचा फोटो घेऊन मुलगी पोर्ट्रेटची ऑर्डर द्यायला आली, तर सहसा अडचण नसते, स्टुडिओशी काही लेखी ठरलं होतं का एवढं विचारावं. छायाचित्रकाराने स्वतःहून काढलेला फोटो त्याचा. फोटोतली व्यक्ती ‘हो, काढा की’ म्हणाली तरी तो हक्क तिच्याकडे नसतो. वर्तमानपत्राच्या पगारी छायाचित्रकाराचा फोटो असेल, तर छापण्यापुरता हक्क पत्राचा आणि बाकीचे सहसा त्याचे. अशा वेळी दोघांनाही विचारलेलं बरं.

जयंती-पुण्यतिथीला आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील, क्रांतिसिंह नाना पाटील, यशवंतराव चव्हाण यांची पोर्ट्रेट्स भरपूर होतात. १९५१ अखेरपर्यंत भारतात प्रसिद्ध झालेल्या फोटोंची मुदत संपलेली आहे, ते कुणालाही वापरता येतात. कर्मवीरांचे तितके जुने फोटो सापडतात. नंतरच्या फोटोंचं तसं नाही. २०१२च्या दुरुस्तीपासून फोटोलाही छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. विकिमीडिया कॉमन्सवरचा फोटो घेतला तर खालचा परवाना वाचा. ‘सीसी बाय’ (क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय देऊन वापरण्याचा परवाना) असेल तर नाव, मूळ दुवा आणि परवान्याचा उल्लेख करून वापरता येतो. दुसऱ्या संकेतस्थळांवर परवान्यात ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नाही) असेल तर विक्री नाही. ‘एनडी’ (बदल करून वापर नाही) असेल तर त्यावरून चित्र करून प्रदर्शनात लावता येत नाही.

बाकी सगळ्या फोटोंसाठी विचारायचं. पाच ओळींचं काम आहे, आणि ते पहिली रेघ मारण्याआधी करायचं. चित्र पूर्ण करून मग विचारलं की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं आणि आपल्याला ऐकणं. मेसेज साधारण असा:

“नमस्कार. तुमचा बगाडाचा हा फोटो (सोबत दुवा) संदर्भ म्हणून वापरून मला २४ बाय ३६ इंचाचं एकच ऑइल पेंटिंग करायचं आहे. ते स्पर्धेला देईन आणि पुढे विकण्याचा विचार आहे. प्रिंट काढणार नाही. चित्राखाली, कॅटलॉगमध्ये आणि पोस्टमध्ये ‘मूळ छायाचित्र’ म्हणून तुमचं नाव लिहीन. यासाठी परवानगी द्याल का? मानधन असेल तर सांगा.”

माध्यम, आकार, किती प्रती, विक्री होणार की नाही, श्रेय कुठे आणि कोणत्या शब्दांत, हे सगळं यात यायला हवं. कायदा परवानगी लेखी मागतो, त्यामुळे फोनवर बोलणं झालं तरी नंतर ‘आपलं असं ठरलं’ म्हणून लिहून पाठवा आणि उत्तर मिळवा. नुसत्या अंगठ्याच्या चित्रावर विसंबू नका. उत्तर आलंच नाही, तर तो नकार समजून दुसरा संदर्भ शोधायचा.

‘एकच’ हा शब्द किती मोलाचा आहे, ते वॉरहॉलच्या प्रकरणात दिसलं. लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेला गायक प्रिन्सचा फोटो १९८४ साली एका मासिकाने ४०० डॉलर देऊन चित्रासाठी संदर्भ म्हणून फक्त एकदा वापरायला घेतला. त्यावरून अँडी वॉरहॉलने पूर्ण मालिका केली. त्यातलं वेगळंच एक चित्र २०१६ साली एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी परवाना देऊन वापरलं गेलं आणि वाद पेटला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला.

स्वतःचा संदर्भ तयार करणं मात्र सगळ्यात बरं, आणि त्याला महागडा कॅमेरा लागत नाही. माणसाला उत्तरेकडच्या खिडकीशी बसवा, घरातले दिवे बंद करा. दीड ते दोन मीटर लांब उभं राहून मोबाइलचा २ एक्स झूम वापरा. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे जातात, आणि चित्रात तो दोष दुप्पट जाणवतो. चेहरा थोडा थोडा वळवत वीसेक फोटो घ्या. प्रत्येक स्थितीत एक फोटो मोबाइलच्या पडद्यावर उजेडातल्या गालावर बोट टेकवून आणि एक सावलीवर टेकवून, कारण मोबाइल सावली काळी करून टाकतो. त्याच बैठकीत वीस मिनिटं प्रत्यक्ष बघून स्केच करा. सावलीतला तांबूस-निळसर रंग फोटोत सापडत नाही, स्केचच्या कडेला लिहिलेल्या टिपणातच सापडतो. फुलांचा संदर्भ हवा असेल, तर सप्टेंबरात कास पठारावर तेरडा आणि सीतेची आसवं फुलतात. साताऱ्यापासून ते २५ किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेवरूनच फोटो घ्या, आत शिरून फुलं तुडवू नका. दुसऱ्याचे तीन फोटो जोडले म्हणजे चित्र आपलं झालं असं समजू नये. शिवाय तिन्हींतला प्रकाश तीन दिशांनी येतो आणि चित्र फसतं.

स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती. प्रवेशअर्जात ‘संदर्भ छायाचित्र कुणाचं?’ असा एक रकाना घाला आणि परवानगीची प्रत मागा. शंका आली तर चित्राचा समोरून, काटकोनात फोटो काढा आणि गुगल लेन्सवर टाका. नाही सापडला तर उलटवून पुन्हा टाका, पार्श्वभूमी कापून नुसता चेहरा टाका. मूळ फोटो मिळाला की आयबिस पेंटसारख्या ॲपमध्ये दोन्ही एकावर एक ठेवा, वरच्याची पारदर्शकता ५० टक्के करा आणि दोन्ही बुबुळं जुळवा. नाकपुडी, ओठांचा कोपरा, कानाची पाळी, पदराच्या चुण्याही जागेवर बसल्या, तर प्रोजेक्टर, ट्रेसिंग किंवा चौकटी वापरलेल्या आहेत. प्रोजेक्टर तिरका असेल तर चेहरा वर किंवा खाली सारखा रुंदावत जातो, त्याने फसू नका. नुसत्या नजरेने केलेली कॉपी मात्र अशी बसत नाही. तिथे चुण्यांची संख्या, गर्दीतल्या माणसांचा क्रम, बैलांच्या पायांची ठेवण ताडून बघावी लागते.

छायाचित्रकारांनी मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने साठवलेली, प्रक्रिया न केलेली) आणि त्या फोटोच्या आधीचे-नंतरचे फोटो कधीच पुसू नयेत. आपणच तिथे उभे होतो याला त्याहून मोठा पुरावा नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तारीख, कॅमेरा, नाव ही आतली माहिती निघून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. नक्कल दिसली तर आधी दुवा आणि तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मग चित्रकाराला सरळ लिहा. बरेच जण नकळत केलेलं असतं तर तिथेच सुधारतात. नाही सुधारले तर ज्या संकेतस्थळावर चित्र आहे त्याला लेखी तक्रार द्या. तक्रार आल्यापासून ३६ तासांत त्यांनी ते रोखणं अपेक्षित आहे, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश तुम्ही आणला नाही तर ते पुन्हा दिसू शकतं. म्हणून वकिलाला तक्रार देतानाच भेटा, एकविसाव्या दिवशी नको.