तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेमागचं गवत का ठेवलंय?

पालकसभा असो, येळवशीचं (वेळा अमावास्येचं) जेवण असो, नाहीतर गणपतीची वर्गणी, विचारणा एकच. "सर, शाळेमागची ती निसर्गवाट तुम्हीच परत चालू केली ना? मग एवढं गवत का वाढू दिलंय? एक दिवस जेसीबी लावा, पेव्हर टाका, चार बाक ठेवा, झालं!" इतके दिवस हसून वेळ मारून नेली. आता सांगतोच.

जेसीबी लावला होता. आम्हीच बोलावला होता, हे आधी कबूल करतो. मे महिना, साडेतीन तासांचं भाडं. ऑपरेटरने काम चोख केलं. बोरीची खुंटं उपटली, मारवेल-पवन्या गवताची ठोंबं खरवडली, आपोआप उगवलेली हिवराची गुडघाभर रोपं गेली, आणि वाटेला आडव्या रचलेल्या दगडांच्या ओळी उचलून कुंपणाला टाकल्या. त्या ओळी कुणीतरी उगाच रचल्यात असं तेव्हा वाटलं होतं. संध्याकाळी माळ इतका स्वच्छ दिसत होता की लोक फोटो काढत होते.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात शाळेच्या पत्र्यावरचं सगळं पाणी उताराने त्या उघड्या जमिनीवर आलं. अडवायला दगड नाही, धरायला मुळं नाहीत. तासाभरात वाटेच्या मधोमध वीतभर खोल घळ पडली. मुरमावर मुश्किलीने जमलेली बोटभर माती खालच्या कोपऱ्यात चिखल होऊन बसली. आणि जुलैत काय उगवलं? गाजर गवत. आधी ते कुंपणालगत पाच-पन्नास रोपांपुरतं होतं, आता सबंध माळभर. त्याचं बी मातीत दबा धरून असतं. उकरलेली जमीन आणि ऊन मिळालं की उठतं. गवताची ठोंबं होती तोवर त्याला जागा नव्हती. जागा आपण करून दिली, तीही भाडं मोजून. त्या साली लेकरांना वाटेवर नेता आलं नाही. कुणाला अंगभर खाज, कुणाला शिंका.

तेव्हा "स्वच्छ करा" म्हणणाऱ्यांत मीही होतो, म्हणून तुमच्यावर चिडायचा मला फारसा हक्क नाही. तरी चिडतो.

आता पेव्हरचं. वाटेचा वरचा भाग मुरमाड, खालचा काळ्या मातीचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेले पेव्हर दोन वर्षांत वेड्यावाकड्या दातांसारखे वर-खाली होतात. म्हणून पेव्हर न टाकता माती काढून मुरूम भरला. ६५० फूट लांबी, ४ फूट रुंदी, ६ इंच सैल थर म्हणजे १३ ब्रास. टेप लावून मोजून घ्या; ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि ट्रॉलीवाल्याचा ब्रास कधीकधी ८० वरच संपतो. तीन-तीन इंचांचे दोन थर करायचे, प्रत्येक थर पाणी मारून रोलरखाली दाबायचा. एकदम सहा इंच टाकलं तर वरून घट्ट, आत पोकळ राहतं. वाट मधोमध इंचभर उंच ठेवायची. आणि त्या दगडांच्या ओळी? परत लावल्या. दर ३० फुटांवर, तिरक्या, दोन तृतीयांश गाडलेल्या, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता कडेच्या गवतात उतरतं.

गवत ठेवलंय म्हणजे मोकाट सोडलंय असं नाही. कुसळी पिकून मोज्यांत घुसायच्या आत, सप्टेंबरअखेर, वाटेच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट पट्टा कापतो. "साप निघतील" म्हणणाऱ्यांसाठीही तोच पट्टा आहे. पाऊल कुठं पडतंय ते दिसलं पाहिजे. तसं फुरसं उघड्या माळावर दगडाखालीही बसतं, पेव्हर टाकून ते जात नाही. बाकीचं गवत जानेवारीत, बी झडल्यावर. कापणाऱ्याने ते जनावरांना न्यायचं, मजुरी नाही. सडकेकडची सहा फूट जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, मात्र चुकवायची नाही. एक विडी पुरते.

गाजर गवत फुलायच्या आत, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटतो. मेमध्ये तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेकतो. तो दाट उठला की गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. पावसाळा लागला की बायका कोवळा तरोटा खुडायला येतात. रानभाज्यांतली पाथरी कोणती, घोळ कोणती, हे आमच्या पाटीपेक्षा त्यांच्या तोंडून लेकरांना लवकर कळतं. (पाट्या आता शहाबादी फरशीवर कोरलेल्या. लोखंडाची भंगारात जाते, फ्लेक्स एका उन्हाळ्यात पांढरा पडतो.)

झाडं कमी का, हेही विचारता. ५ जूनला फोटोसाठी लावलेलं रोप पावसाने ओढ दिली की जातं. खड्डे एप्रिलमध्ये, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे. रोप मात्र जमीन वीतभर ओली झाल्यावरच. मग फेब्रुवारीपासून दर आठवड्याला १० लिटर. ६० झाडांना १८ पाळ्या म्हणजे १०,८०० लिटर, दोन टँकर. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते आपण पाहिलंय. अशा साली झाडाला कोण पाणी देईल? म्हणून ६० ची २५ केली: कडुनिंब, हिवर, आपटा, बेल, पळस. चुकलं असेल.

राहिला गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) प्रश्न. बाहेरचं झाड, तोडा, हे पूर्वी मीच ठासून सांगायचो. त्याचा पाला आच्छादनाला उत्तम, पण ऐन मार्चमध्ये ते उघडं पडतं, आणि सावली तर तेव्हाच हवी. कडुनिंब त्याच सुमाराला नवी पालवी धरतो. पण आमचा कडुनिंब अजून कमरेएवढा आहे आणि लेकरं बसतात गिरिपुष्पाखालीच. मागच्या वर्षी तीन झाडं दोन फुटांवर तोडून पाहिली. पावसाळ्यात हातभर फुटवे आले. चौथ्याला अजून कुऱ्हाड लावलेली नाही.