कार्ड घरी राहिलं

१ सप्टेंबरला इथं जपानात शाळेनं माझीच लेक मला द्यायला नकार दिला. रोज फाटकात हसून वाकणाऱ्या बाई, पण त्या दिवशी आपत्ती निवारण दिनाची तालीम होती आणि पालकांचं कार्ड मी घरी विसरले होते. कार्डावर नाव, त्याच्याच हाती मूल. कन्या मागे उभी. एरवी खुर्चीवर उशी म्हणून असतं ते जाड टोपरं डोक्याला बांधलेलं, चेहरा असा की जणू ही बाई कोण!

गेले परत. पायी. सायकललाही मनाई, गाडी तर दूरच. रस्ताभर चरफडत होते. किल्लारीला कुणी कार्डं मागितली होती का? १९९३ला आमच्या लातूरकडे माणसं हाताला येईल ते घेऊन धावली. (रात्री आईला फोनवर हे ऐकवलं. "अगं, पण कोणाचं पोर कोणाकडे, हे कळायलाही किती दिवस गेले," ती म्हणाली. मी विषय बदलला.)

पुढच्या रविवारी लेकीला घेऊन तोक्योतल्या र्‍योगोकूजवळच्या योकोआमिचो बागेत गेले. १ सप्टेंबर १९२३, शनिवार, ११ वाजून ५८ मिनिटं. मोठा भूकंप. घरोघरी चुली पेटलेल्या, वर सोसाट्याचा वारा. इथं तेव्हा लष्कराच्या कपडे कारखान्याची मोकळी जागा होती. लोक हातगाड्यांवर गाद्या, कपाटं लादून आले आणि त्याच सामानानं पेट घेतला. आगीची वावटळ उठली. एवढ्या एका मैदानात सुमारे ३८,००० माणसं गेली. एकूण मृत लाखाच्या वर. संग्रहालयात वितळून एकमेकांना चिकटलेलं लोखंड बघितलं. 'पायीच या, रस्ता मोकळा ठेवा' यावर मी आता तोंड उघडणार नाही.

कार्डाचा राग मात्र तिथंच परत आला. बागेत एक शिळा आहे, मारल्या गेलेल्या कोरियन लोकांची. भूकंपानंतर त्यांनी विहिरींत विष घातल्याची आवई उठली, आणि जमावानं, पोलीस-सैनिकांनीही त्यांना शोधून शोधून मारलं. अडवून 'जूगोएन गोजिस्सेन', म्हणजे पंधरा येन पन्नास सेन, म्हणायला लावायचे. उच्चार चुकला की संपलं. दर १ सप्टेंबरला इथं शोकसभा होते. तोक्योच्या राज्यपालांनी २०१७पासून तिला संदेश पाठवणं बंद केलंय. तालमीत तर यातलं अक्षर नव्हतं. आपल्याकडे आवया उठत नाहीत असं म्हणणार होते, पण नको.

शिळेपुढे उभी राहून ते शब्द पुटपुटून पाहिले.

"आई, 'जू' लांब म्हणायचा," लेक म्हणाली.