डिचोलीच्या माडीवरून भामरागडपर्यंत – आमची वाटचाल

आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात भावाच्या हार्डवेअरच्या दुकानावर माडीवर आहे. दोन खोल्या. एकीत माईक, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आतून गोधड्या ठोकल्यात, दुसरीत कॉम्प्युटर. २०११ साली सुरू केला तेव्हा कामं ठरलेली, भजनी मंडळांच्या सीड्या, घुमट आरत्या, शिगम्यातलं रोमटामेळ, जत्रेतल्या नाटकांचं म्युझिक आणि इलेक्शन आलं की गाडीवर लावायच्या अनाउन्समेंट. सहा महिने काम, सहा महिने वाट बघायची. बायको हिशेब बघायची आणि भाचा एडिटिंग शिकत होता, बस, एवढीच फर्म.

२०१६ मध्ये सत्तरीतला एक ओळखीचा डॉक्टर सुट्टीवर घरी आलेला. गडचिरोलीत एका छोट्या आरोग्य संस्थेत काम करायचा. तो म्हणाला आमच्या भागात लोकांना मलेरियाचं, बाळंतपणाचं, जंगल हक्काच्या अर्जाचं त्यांच्या भाषेत कोणी सांगत नाही, पोस्टर लावले तर वाचणारे कमी, तू पंधरा पंधरा मिनिटांचे कार्यक्रम करून देशील का. मी हो म्हणून टाकलं. तेव्हा गडचिरोली म्हणजे नक्षलवादी आणि चकमकी, पेपरात वाचलेलं तेवढंच माहीत होतं.

मला आधी वाटलं की ते लोक रेडिओ स्टेशनच काढणार. मग नियम वाचायला बसलो. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, २००२ साली शिक्षण संस्थांना कम्युनिटी रेडिओची, म्हणजे आसपासच्या भागापुरत्या छोट्या रेडिओची, परवानगी मिळाली, २००६ पासून सेवाभावी संस्थांनाही. तेलंगणातला दलित बायकांचा संगम रेडिओ आणि आपल्या महाराष्ट्रातलं म्हसवडचं माणदेशी तरंग दोन्ही २००८ सालची, आणि ही सगळी मंडळी फार मोलाचं काम करतायत. पण ट्रान्समीटर १०० वॅटचा, अँटेना जास्तीत जास्त ३० मीटर, सपाट भागात दहा-बारा किलोमीटर आवाज जातो, डोंगर-जंगलात त्याहून कमी, आणि वेगवेगळ्या मंत्रालयांचे क्लिअरन्स घेता घेता वर्षं निघून जातात. स्वतःच्या बातम्या तर द्यायच्याच नाहीत. छोट्या संस्थेला हे झेपणारं नव्हतं.

मग दुसरा रस्ता धरला. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वर चालू होतं, शुभ्रांशु चौधरींनी उभं केलेलं, मिस्ड कॉल द्यायचा, परत फोन आला की आपलं म्हणणं रेकॉर्ड करायचं, ते तपासून झालं की दुसरे लोक फोनवरच ऐकतात. पुढे त्यांनी ब्लूटूथवरून फाइल एका मोबाईलवरून दुसऱ्यावर द्यायला सुरुवात केली, त्याला लोक बुल्टू रेडिओ म्हणायला लागले. हे बघून आम्ही ठरवलं की टॉवर नसला तरी चालेल, आठवडी बाजार आहे ना. बाजारात गाणी भरून देणारा मोबाईलवाला असतोच, त्याच्याकडे आपली फाइल ठेवायची, आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांना, छोटा स्पीकर आणि मेमरी कार्ड द्यायचं, बाजारच्या दिवशी झाडाखाली लावायचं.

माझ्या वडिलांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, आमचंही तसंच होतं रे. १९५५ पासून १९६१ पर्यंत आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो गोवामुक्तीचा गुप्त रेडिओ चालवायचे, आणि आमच्या गावात ज्यांच्याकडे सेट होता ते दार लावून, आवाज अगदी बारीक करून ऐकायचे, कारण पोर्तुगीज पोलिसांना कळलं तर खैर नव्हती. वडील तेव्हा शाळेत जायचे, दाराशी उभं राहून कोण येतंय बघायचं काम त्यांचं. (लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत, बातमी ऐकून वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं.) ऐकणाऱ्यालाही भीती असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, पण पूर्ण कळायला अजून एक वर्ष जायचं होतं.

पहिले भाग आम्ही डिचोलीतच केले. आमचा नाटकातला चांगला कसलेला नट, खणखणीत आवाज, शुद्ध मराठी. तिकडून निरोप आला की लोकांना वाटतंय कोणीतरी साहेब बोलतोय, उठून जातात. मग मी स्वतः गेलो. नागपूर, चंद्रपूर, आष्टी, आलापल्ली आणि शेवटी गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड. तिथे माडिया बोलतात, ती गोंडीचीच बोली. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख होते आणि तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. आपली कोकणी १९९२ साली आली, आणि कोकणी-मराठीच्या वादावरून गोव्यात काय काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे मला हे आतून लागलं. तेव्हापासून बोलणारी माणसं तिथलीच. ती मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवतात, आम्ही इथे साफ करतो, जोडतो, परत पाठवतो. प्रत्येक भागाचं लिहिलेलं मराठी भाषांतर सोबत येतं, त्याशिवाय आम्ही एकही कट मारत नाही.

आता ती गोष्ट सांगतो जी लिहायला आजही जड जाते.

२०१७ च्या पावसाळ्यानंतरचा एक भाग होता, गावाच्या अडचणींवर. एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं की नाल्यावर पूल नाही, पावसात पेशंटला खाटेवर घालून नेतो, आम्हाला पूल पाहिजे, रस्ता पाहिजे. फार सुंदर बोलले होते, मध्येच थांबून श्वास घ्यायचे, मागे कोंबडा आरवत होता. मी खूश होऊन नाव, गाव सगळं ठेवलं, शेवटी ते परत एकदा जोडलं सुद्धा. फाइल गेली. रात्री अकराला तिथल्या कार्यकर्तीचा फोन, दादा ते नाव काढा, आत्ताच्या आत्ता काढा. मला कळेना. ती म्हणाली, इथे रस्ता मागणारा माणूस पोलिसांचा खबरी ठरू शकतो, आणि रस्ता नको म्हणणारा नक्षल्यांचा, बाबांनी नुसता पूल मागितलाय पण ऐकणारा काय ऐकेल सांगता येत नाही.

तोंडचं पाणी पळालं माझ्या. तीन कार्डं वाटून झालेली. तिने आणि अजून दोघींनी दुसऱ्या दिवशी पायी फिरून तिन्ही परत आणली, मोबाईलवाल्याच्या कॉम्प्युटरमधून फाइल पुसली. चार दिवस माझा जीव टांगणीला होता. बाबांना काही झालं नाही, देवाची कृपा. पण मी नंतर ती फाइल हेडफोन लावून परत परत ऐकली आणि लक्षात आलं की नाव काढून भागत नाही, आवाज गावात सगळे ओळखतात, आणि मागे शाळेची घंटा असेल, पिठाच्या गिरणीचा आवाज असेल, तर गावही ओळखता येतं.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत बदलली. रस्ता, पोलीस, दादालोक (म्हणजे नक्षलवादी), जमिनीचं भांडण यातलं काहीही आलं की मूळ आवाज जात नाही, दुसऱ्या तालुक्यातलं माणूस तेच आपल्या शब्दांत सांगतं, गाव सांगत नाही. भाचा आता आधी मागचे आवाज ऐकतो, मग माणसाचा. बोलणाऱ्याला तीनदा विचारतो, रेकॉर्डिंगच्या आधी, नंतर, आणि भाग वाटायच्या आदल्या दिवशी, कारण आठ दिवसांत गावातलं वातावरण पालटू शकतं. नाही म्हणाला तर तयार भाग टाकून देतो, पैसे बुडाले तरी.

पैशांचंही सांगतो. एका भागाचे जे मिळतात त्यात दोन दिवसांचं काम जेमतेम निघतं, आणि एका मोठ्या देणगीदाराने तर आठ महिने बिल अडकवलं, तेव्हा बायकोने गळ्यातलं गहाण ठेवून भाच्याचा पगार दिला. पण २०२० ला जत्रा, नाटकं, लग्नं सगळं बंद पडलं तेव्हा याच कामाने स्टुडिओ तगला. कोविडचे भाग केले, मास्क, विलगीकरण, अफवांना उत्तरं. एका भागात आमच्याकडून लसीच्या दोन डोसमधलं अंतर जुनं गेलं, तर पुढच्या भागात सुरुवातीलाच चूक सांगितली आणि बरोबर काय ते दोनदा सांगितलं. जिथे कोणावर विश्वास ठेवायचा हाच प्रश्न आहे तिथे चूक दडपून चालत नाही. रेडिओने १९९४ साली रवांडात द्वेष पसरवून माणसं मारायला लावली, आणि त्याच्याच शेजारी काँगोमध्ये २००२ पासून रेडिओ ओकापी फ्रेंच आणि चार स्थानिक भाषांत खात्री केलेलं तेवढंच देत आलाय. यंत्र तेच असतं हो.

सध्या आमचं सगळ्यात मोठं काम मलेरियाचं. राज्यातल्या केसेसमध्ये गडचिरोली कायम वरती असते. ताप उतरला की लोक गोळ्या सोडतात, व्हायव्हॅक्स प्रकारच्या मलेरियाला प्रायमाक्वीनची गोळी १४ दिवस घ्यायची असते, ती चौथ्या दिवशीच बंद. आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, म्हणून सगळी कार्डं जूनच्या आत पोचवावी लागतात, मे महिन्यात आम्ही रात्री दोन दोन वाजेपर्यंत बसतो.

यंदा एका आशाताईने तिच्या मुलाची गोष्ट सांगितली, गोळ्या अर्धवट सोडल्या आणि ताप कसा उलटला ते. नऊ मिनिटं, न अडखळता. आम्ही नेहमीसारखं नाव काढलं. आदल्या दिवशी विचारायला फोन केला तर ती म्हणाली, दादा नाव का काढलंत, मी मलेरियाचं बोलते आहे, पुलाचं नाही, आणि माझं नाव ऐकलं तर बायका माझ्याकडे गोळ्या मागायला येतील ना. तिथल्या कार्यकर्तीला विचारलं, संस्थेला विचारलं, परत तिला विचारलं. मग रात्री बसून भाच्याने तिचं नाव होतं तिथे परत जोडलं, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा.