पंपाचा पंखा

सांगली, रविवार, रात्र

गुरुवारी रात्री वॉशिंग मशीन अखेरच्या खळबळणीनंतर थांबले, तेव्हा आत मुलीचा गणवेश आणि अर्धा ड्रम पाणी होते. दार उघडत नव्हते आणि खालून नुसती घरघर ऐकू येत होती.

सासूबाईंनी आधी प्लग काढायला लावला. खालचे झाकण उघडून मी फिल्टर थोडा थोडा सैल करत पाणी परातीत घेतले, कारण तिथे बादली बसत नाही. पाच पराती भरल्या. फिल्टरमध्ये रुपयाचे एक नाणे आणि शर्टाचे बटण सापडले, तेव्हा दोष संपला असे आम्हा दोघींनाही वाटले. पण घरघर तशीच राहिली. बाहेरची नळीही मोकळी होती.

आज मशीन गोधडीवर मागे कलते करून, तारांचा फोटो घेऊन ड्रममधले पाणी बाहेर फेकणारा पंप काढला. मल्टिमीटरने त्याच्या मोटरमधली तारेची गुंडाळी तपासली तर सुमारे १६० ओहम आले, म्हणजे ती शाबूत होती, आणि केवळ त्या आकड्यावर विसंबले असते तर मी पंप निर्दोष ठरवून बसले असते. खरा दोष बोटांना कळला. चांगल्या पंपाचा पंखा हाताने फिरवला की आतल्या चुंबकामुळे तो टप्प्याटप्प्याने, हलके झटके देत सरकतो. आमचा मात्र अर्ध्या फेरीनंतर घट्ट अडकत होता. दांडीभोवती बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर जमला होता. वीज मिळूनही दांडी फिरत नव्हती, म्हणून ती घरघर.

जुना पंप सोबत नेल्याचे मला फार समाधान आहे. मारुती रोडजवळच्या दुकानात ३० वॉटचे, २२०–२४० व्होल्टचे पंप अनेक होते, पण स्क्रूंची जागा आणि तारांची टोके जुळणारा एकच निघाला. साडेआठशे रुपये पडले.

बसवणे सोपे गेले, फक्त नळीची स्प्रिंग क्लिप पकडीतून दोनदा निसटली. मग सासूबाईंनी टॉर्च धरून ठेवला, मी खाली वर्तमानपत्र पसरले, ड्रममध्ये चार तांबे पाणी ओतले आणि फक्त पाणी उपसण्याची फेरी लावली. पाणी मोरीत धो धो आले. "अगं, कागद बघ आधी," त्या म्हणाल्या. कागद कोरडा होता.

गणवेश पुन्हा धुऊन पंख्याखाली घातला आहे. कॉलर अजून ओली आहे. उद्या शाळा सातला.